नाक्यावर अडकलेला आवाज

महारुद्र मास्तरांची ती दुसरी तबकडी कुठल्याबी फोनोवर लागू द्या, बेंबळीचा माणूस हात वर करून म्हणणारच, "गप बसा, आता माशी येती." बाहेरगावच्या माणसाला वाटतं, ह्या गावाचं डोकं फिरलंय. फिरलेलं न्हाय. माशी खरंच येती, आन् त्या माशीनंच आमच्या भजनी मंडळाचं नाव बार्शी-सोलापूरपर्यंत नेलं. वर काही शहाणे मलाच इचारतात, "लिंबाजी, ह्यात तुमचा आवाज कुठला?" अरे, सगळ्यात वरचा, खणखणीत जो हाय तो माझा! कान हायेत का भोकं?

सांगतो. पर मधी बोलायचं न्हाय.

मास्तर आधी एका नाटक कंपनीत पायपेटी वाजवायचे. कंपनी मोडली तवा पडदे एकानं नेले, मुकुट दुसऱ्यानं नेले, आन् मास्तरांनी पायपेटी बैलगाडीत घातली ती थेट बेंबळीला आणली. ज्यानं ती बघितली न्हाय त्याला सांगतो, कपाटाएवढं धूड. वर दोन्ही हातांनी सूर वाजवायचे आन् खाली दोन्ही पायांनी भाता मारायचा. हात गुंतले, पाय गुंतले. मंग समोरच्या दहा-बारा भजन्यांना कधी गा आन् कधी थांबा, हे सांगायचं कशानं? मास्तर डोक्यानं सांगायचे. लाल पटका बांधायचे, शेमला लांब सोडायचे. पटका उजवीकडं झुकला की उजव्या रांगेनं उचलायचं, डावीकडं झुकला की डाव्या. मागं झटकला की आवाज चढवायचा. आन् दोन्हीकडं जोरात हलला, की सगळ्यांनी एकदम गप. "माझ्या तोंडाकडं बघू नगा रे, पटक्याकडं बघा," म्हणायचे.

आन् चुकलं की ओरडायचे. काय ओरडायचे, बाबो! वेशीबाहेर पाणी भरणाऱ्या बायकांना कळायचं, आज कुणाचा सूर घसरला ते. बंडप्पाचाच घसरायचा. बंडप्पा आमचा खालच्या सुराचा गडी, धंदा बैलांच्या दलालीचा, गळाबी तसलाच. आमच्यात थोरले म्हंजी बाबामियाँ पिंजारी. नजर अधू, दोन हातांपलीकडं सगळं धुकं, पर गळा असा की मोहरमात मर्सिया, म्हंजी शोकाचं गाणं, म्हणाले तर दगड रडावा. तोच गळा सोमवारी आमच्यात बसून रामलिंगाची पदं म्हणायचा. ह्यावरून गावात कुणी कधी कुजबुजलं न्हाय. कुजबुजलं असतं तर मास्तरांनी त्याचीबी वेशीबाहेर ऐकू जाईल अशी खरडपट्टी काढली असती.

लढाई लागली त्या साली मुंबईची एक तबकड्या काढणारी कंपनी सोलापुरात आली. मास्तरांनी आमाला धुतलेली धोतरं नेसवली आन् पायपेटी गाडीत घालून येडशीला नेली. येडशीच्या स्टेशनातच करोडगिरीचा, म्हंजी जकातीचा, नाका होता. निजामाच्या मुलखातून इंग्रजाच्या मुलखात जाणारा सगळा माल तिथं उघडून बघायचे. नाक्याचे अमीन, म्हंजी थोरले अंमलदार, सादिकसाहेब पेटीभोवती फेऱ्या मारून म्हणाले, "इसमें क्या छुपाया?" मास्तरांनी तिथंच फलाटावर बसून आख्खं पद वाजवून दाखवलं. तवर आगगाडीनं शिट्टी मारली न्हाय, कारण गार्डबी ऐकत उभा राहिला होता.

सोलापुरात एका थिएटरात आमची तीन पदं झाली. पयल्या पदात पायपेटीच्या फळीनं दगा दिला. तिला तेल घालायचं राहिलं होतं, त्यामुळं देवाचं नाव कमी आन् कुरकुरच जास्त. बंडप्पाला तीच तबकडी आवडती. म्हणतो, गाडीत बसून यरमाळ्याच्या जत्रंला चालल्यागत वाटतं. बंडप्पाच्या आवडीनिवडीबद्दल मी काय बोलत न्हाय.

दुसऱ्या पदात माशी आली. आमी रंगात आलो होतो, अंतरा चढत होता, माझा आवाज तर छताला लागला होता, आन् ती मेली बरोबर मास्तरांच्या कानात शिरली. हात पेटीवर, पाय भात्यावर. माणूस करील काय? मास्तरांनी जोरात डोकं हलवलं. पटका दोन्हीकडं हलला. आमी शिस्तीची माणसं, एकदम गप! मास्तरांचे डोळे पांढरे झाले. पर आवाज कोरून घेणाऱ्या मेणाच्या तबकडीवर सुई चाललेली, थांबता येईना, ते वाजवतच राहिले. आन् बाबामियाँना पटका दिसतोय कुठं? ते डोळे मिटून एकटेच गात राहिले, "डोंगराच्या पोटी माझा शंभू जागा हाय." मास्तरांनी पटका मागं झटकल्यावर आमी पुन्हा उचललं, आन् कंपनीचा यंत्रवाला पारशी उठून टाळ्या वाजवायला लागला. त्याला वाटलं, बसवलंयच तसं. तबकडी निघाली आन् मंग जिथं जाऊ तिथं लोक म्हणायचे, "ते एकदम थांबून एकट्यानं म्हणायचं म्हणा की." मास्तरांना दर भजनात त्याच जागी माशी न्हाय तरी डोकं हलवावं लागायचं. एका गावात तर एक गवई मला म्हणाला, "काय बांधणी हाय!" म्या म्हटलं, "व्हय, लई मेहनत घेतली."

तिसऱ्या पदाला पारशी म्हणाला, शेमला यंत्राला घासतोय, पटका काढा. मास्तरांनी काढला. आता सांगा, आमी बघायचं कुठं? समोर नुसतं टक्कल, आन् टक्कल काय बोलतंय ते आमाला कुणी शिकवलेलं न्हवतं. उजवी रांग डावीच्या आधी पळाली, डावी थांबलीच न्हाय, आन् पदाचा पार चिवडा झाला. मास्तर पेटी सोडून आमच्यावर तुटून पडले. पारशी तंबाखू मळायला बाहेर गेला होता, त्यामुळं मेण आपलं फिरतच राहिलं, आन् पदाऐवजी शिव्याच उमटल्या. ती तबकडी विकायला कधी निघाली न्हाय. नमुन्याची एकच आली बार्शीच्या दुकानात. मास्तर ती घेऊन परत येताना येडशीच्या नाक्यावर सादिकसाहेबांनी ती आपल्या फोनोवर लावून ऐकली आन् जप्त केली. मास्तर घरी येऊन म्हणाले, "बरं झालं. अब्रू वाचली."

पुढं दोन-चार वर्सांनी मास्तर तापानं गेले. मी काय लिहिता-वाचता माणूस न्हाय, मला सांगता येत न्हाय, पर ते गेल्यावर मला कुणी ओरडंना, आन् त्यानं मला जेवण जाईना.

वर्षश्राद्ध जवळ आलं तवा मथुरावैनींनी, म्हंजी मास्तरांच्या मालकिणीनं, आमा तिघांना, मला, बंडप्पाला आन् बाबामियाँना, बोलावून घेतलं. वैनी ओसरीत बसल्या होत्या. पुढ्यात मास्तरांचा फोनो, शेजारी त्या दोन तबकड्या. म्हणाल्या, "भावजी, रडायला बोलावलं न्हाय. एक नड हाय. मला त्यांचा आवाज आठवंना झालाय."



"तोंड दिसतंय," वैनी म्हणाल्या. "चालणं दिसतंय. पटका बांधताना टोक दातात धरायचे, ते दिसतंय. पर बोलतेत ते ऐकू येत न्हाय. ह्या तबकड्या लावून लावून झिजल्या, त्यात त्यांची पेटी हाय, तोंडानं एक अक्षर न्हाय. आठवायला बसले की दुसराच कुणाचा तरी आवाज कानात येतो."

"माझा आसंल," म्या म्हटलं. "तबकडीत माझाच वर हाय."

"न्हाय, बंडप्पा भावजींचा."

मेल्यानं मिशीला हात लावला. माझ्या अंगाची लाही झाली, पर वैनींपुढं काय बोलता?

बंडप्पा म्हणाला, "वैनी, त्यात काय अवघड? मास्तर असे बोलायचे." आन् घसा खाकरून ओरडला, "थांबा रे!" गोठ्यातली म्हस उठून उभी राहिली. वैनी म्हणाल्या, "असं न्हाय." मंग म्या केलं. माझं हुबेहूब होतं, हे आजबी छातीवर हात ठेवून सांगतो. वैनी म्हणाल्या, "भावजी, हे तर भांडाण काढल्यागत वाटतंय." मंग बाबामियाँ म्हणाले, तुमी दोघं उगा बेसूर ओरडताव, मास्तर ओरडले तरी पेटीच्या काळी दोनमधी ओरडायचे. बंडप्पा म्हणाला, पांढरी चार. म्या म्हटलं, तुला पांढरं आन् काळं फक्त बैलातलं कळतं. त्यानं माझा सदरा धरला, म्या त्याचं उपरणं धरलं, आन् बाबामियाँ मधी पडायला आले ते न दिसल्यामुळं फोनोवर पडता पडता वाचले.

"राहू द्या," वैनी हळूच म्हणाल्या. "तुमाला आठवतंय, तेवढं बास. माझंच नशीब फुटकं. संसार माझ्याशी केला, आन् आवाज तुमाला ठिवून गेले." पदर डोळ्याला लावून आत गेल्या. माझ्या हातनं बंडप्पाचं उपरणं आपोआप सुटलं.

मंग बाबामियाँ म्हणाले, "येडशी के नाके पर हाय ना मास्तर. जप्त होके पडेले हाय."

तिघांनी गाडी जुंपली ती थेट येडशी. नाक्यावर सादिकसाहेब तोंडात पान धरून खुर्चीत पसरले होते. आमी हात जोडून नावं सांगितली, आन् 'बंडप्पा' म्हणताच साहेब ताडकन उठले.

"बंडप्पा? वो बंडप्पा? 'बंडप्पा, भजन हाय का बैल हाकतूस' वाला?"

बंडप्पानं मान खाली घातली.

"और ये?"

"लिंबाजी," म्या म्हटलं.

"लिंबाजी!" साहेबांनी माझ्या खांद्यावर हातच मारला. "'लिंबाजी, कुठं चाललास? सोलापूर मागं राहिलं!' अरे, आओ रे सब, देखो कौन आए!" नाक्यावरचे शिपाई, हमाल, फलाटावरचा भजीवाला, सगळी आमाला बघायला गोळा झाली. एका शिपायानं बाबामियाँचे हात धरून म्हटलं, "तुमी बाबामियाँ? 'तुमी बरोबर हाव, पर एकटेच हाव'?" बाबामियाँ लाजून म्हणाले, "हौ जी."

मंग कळलं ते असं. तबकडीत मास्तर 'थांबा, थांबा' म्हणून ओरडतात, ते सरकारविरुद्ध कुणाला तरी अडवायला सांगत आसतील, असा साहेबांना आधी वहीम आला होता. म्हणून जप्ती. पर चार वेळा ऐकून वहीम गेला आन् गोडी लागली. तवापासून शिपाई ढिले पडले की साहेब तबकडी लावायचे. आख्खा नाका आमच्या मास्तरांच्या शिव्यांवर चालला होता!

"साहेब, ती आमाला द्या," म्या म्हटलं.

"वो तो नहीं होता. जब्त माल है, तहकीकात चालू है."

"इतकी वर्सं?"

"मजा आता है तब तक चलती है," साहेब हसून म्हणाले.

माझं टाळकं सरकलं. नाका सरकारी, साहेब सरकारी, शिपायांच्या हातात काठ्या, समदं इसरलो. म्या म्हटलं, "साहेब, तुमाला मजा येती. तिकडं एक बाई आपल्या मालकाचा आवाज इसरायला लागली. एक साल झालं त्यांना जाऊन. तिच्याकडं त्यांचं पेटीचं वाजवणं हाय, आन् तोंडचं बोलणं तुमच्या कपाटात हाय. आता घाला मला तुरुंगात!"

बंडप्पा चार पावलं मागं सरला. साहेबांचं पान चघळणं थांबलं. "वो नहीं रहे?" एवढंच इचारलं. म्या मान हलवली. साहेबांनी पान थुकलं, टोपी घातली, कपाट उघडून तबकडी काढली. म्हणाले, "जब्त माल अकेला नहीं जा सकता. अमीन के साथ जा सकता है. गाडी जोतो." बाबामियाँनी आपल्या रजईत ती तबकडी गुंडाळली आन् येडशी ते बेंबळी मांडीवर धरून बसले. खड्डा आला की बैलांना न्हाय, मला शिव्या.

वैनींनी ओसरी सारवून ठेवली होती. साहेबांनी बाहेर चपला काढल्या, वैनींना सलाम केला, आपल्या हातानं फोनोला चावी दिली आन् सुई ठेवली. आधी थोडं पद, मंग पदाचा चिवडा, आन् मंग मास्तर! "थांबा! थांबा रे! बंडप्पा, भजन हाय का बैल हाकतूस? लिंबाजी, कुठं चाललास? सोलापूर मागं राहिलं! बाबामियाँ, तुमी बरोबर हाव, पर एकटेच हाव!" काय सांगू, कानशिलं तापली, आन् डोळ्यांतनं पाणी. बंडप्पा उपरण्यात तोंड घालून हुंदकं द्यायला लागला. बाबामियाँ "वाह मास्तर, वाह" म्हणत होते. इतक्या दिसांनी कुणीतरी मला ओरडलं.

म्या वैनींकडं बघितलं. त्या कोरड्या डोळ्यांनी फोनोकडं बघत होत्या.

"कोण हो हे?" त्यांनी इचारलं.

"कोण म्हंजी? मास्तर की वैनी!"

"नसतील," वैनी म्हणाल्या. "एवढ्या मोठ्यानं ते कधी बोलले न्हाईत."

मास्तर? मोठ्यानं बोलले न्हाईत? म्या म्हटलं, "वैनी, वेशीबाहेर ऐकू जायचं!"

"ते देवळातलं. तिथं बायामाणसांनी कशाला यायचं? मला लोक सांगायचे, तुमचे मास्तर लई ओरडतेत. मी म्हणायची, करतेत लोक चेष्टा." आन् तोंड एवढंसं करून म्हणाल्या, "तुमी एवढ्या लांबनं आणलं, भावजी. पर हे माझं माणूस न्हाय."

बाईनं इतके दिस धरलेला धीर सुटला, हे मला सरळ दिसलं. बंडप्पाचं रडणं मधीच अडकलं. साहेब तर बसल्या जागी मेल्यागत झाले. नाक्यावर शिव्या संपल्या की ते लगेच सुई उचलायचे. आज वैनींकडं बघता बघता उचलायची राहिली, आन् तबकडी आपली खरखरत फिरत राहिली.

खरखरीत कुणीतरी स्टूल ओढलं. कुणीतरी दमून बसलं. आन् एक माणूस बोलला. हळू, मऊ, शेजारच्याला ऐकू यावं इतकंच.

"अगं, घोटभर च्या दे की."

"ठिवलाच हाय, आणते," वैनी म्हणाल्या, आन् पदर खोचून उठल्याबी.

चुलीकडं दोन पावलं गेल्या आन् तिथंच उभ्या राहिल्या. पाठमोऱ्या होत्या, खांदे हलत होते. मला वाटलं रडतेत. वळल्या तवा बघतो तर हसत होत्या, आन् डोळ्यांतनं धारा चालल्या होत्या. "हेच," म्हणाल्या. "हेच हो भावजी. माझ्याशी असंच बोलायचे."

सोलापुरातल्या त्या थिएटरात आमी समदे बाप्ये होतो. 'अगं' म्हणावं असं तिथं कुणीच न्हवतं. आमाला शिव्या घालून मास्तर दमले, आन् बसल्या बसल्या त्यांना वाटलं, आपण घरीच हावोत.

तबकडी संपली. साहेबांनी सुई उचलली, डोळे पुसले आन् म्हणाले, "फिर से लगाऊँ, बहन?"

"नगं साहेब," वैनी म्हणाल्या. "आता आठवला." आन् आत जाऊन त्यांनी खरंच आधण ठेवलं.